उशिरा पेटणारी मशाल
ईस्ट बंगालचे हंगाम आणि सावरण्याची आशा

मृगाचा पाऊस पडला की पेरणी करावी, हे आपल्याकडील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. एखाद्या वर्षी पाऊस हुलकावणी देतो, पेरलेले बी करपते आणि दुबार पेरणीची पाळी येते. दुबार पेरणीचेही पीक येते. नाही असे नाही. पण त्यासाठी पुन्हा बियाणे लागते, पुन्हा मजुरी मोजावी लागते, आणि अखेरीस खळ्यावर जे धान्य येते ते बहुधा पहिल्या पेरणीच्या मानाने उणेच असते. गावशिवारापासून शेकडो कोस दूर कोलकात्यात संसार थाटलेल्या आम्हां मराठी मंडळींस या दुबार पेरणीची आठवण व्हावी असे प्रसंग शेतात नव्हे, तर फुटबॉलच्या मैदानावर वारंवार आले. त्या मैदानावरील एका संघाची ही हकीकत आहे.

या शहरात आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबास आज ना उद्या एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : तुम्ही कोणाचे, मोहन बागानचे की ईस्ट बंगालचे? आम्ही क्रिकेटवर पोसलेली माणसे. प्रारंभी हा प्रश्न हसण्यावारी नेतो. परंतु शेजारच्या घरी ईस्ट बंगाल जिंकल्यावर हिलसा मासळी शिजते आणि मोहन बागान जिंकल्यावर कोळंबी शिजते, हे ध्यानात आल्यावर आपली मुलेच आधी पक्ष घेतात व मागाहून वडीलधारी माणसे त्यांच्या मागे जातात. मोहन बागान हा मुख्यतः पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा, घोटींचा, मानला जातो. ईस्ट बंगाल हा पूर्व बंगालातून आलेल्या बांगालांचा. म्हणजे आपली भूमी मागे टाकून परक्या शहरात पाय रोवणाऱ्यांचा हा संघ. आम्ही त्याच्याकडे ओढले गेलो यात नवल ते काय?

या संघाचा जन्मच एका अपमानातून झाला. जुलै १९२० मध्ये जोडाबागान क्लबचा मोहन बागानशी सामना ठरला असता जोडाबागानने शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूस संघातून वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी त्यास आक्षेप घेतला; तो मानला गेला नाही, तेव्हा त्यांनी क्लब सोडला आणि १ ऑगस्ट १९२० रोजी काही सहकाऱ्यांसह ईस्ट बंगाल क्लबची स्थापना केली. नाव निवडतानाच त्यांनी आपण कोठून आलो हे सांगून टाकले.

पुढची वाटचाल मात्र संथ होती. त्या काळी कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात केवळ दोनच भारतीय संघांस प्रवेश असे. बाकीच्या जागा गोऱ्या पलटणींच्या आणि युरोपीय क्लबांच्या. ती अट दूर होऊन १९२५ साली ईस्ट बंगाल पहिल्या विभागात आला आणि त्याच वर्षी त्याने मोहन बागानला एका गोलने हरवलेही. पण तीनच वर्षांनी, १९२८ साली, संघ दुसऱ्या विभागात घसरला. पूर्वस्थानी परतण्यासाठी त्याला १९३१ चा हंगाम उजाडावा लागला. लीगचे पहिले अजिंक्यपद मिळाले ते १९४२ साली. पहिल्या विभागात पाऊल ठेवल्यापासून अजिंक्यपदापर्यंत सतरा वर्षे लोटली होती. संथ प्रारंभ आणि त्यातून सावरणे ही या क्लबची जन्मखूण आहे, असे जे म्हटले जाते ते अगदीच निराधार नाही.

फाळणीनंतर या जन्मखुणेला निराळाच अर्थ आला. १९४७ पासून पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे कोलकात्यात येऊ लागले. घर गेले, शेत गेले, पद्मा नदी सरहद्दीपलीकडे राहिली. शहराच्या दक्षिणेस ज्या वसाहती उभ्या राहिल्या तेथील माणसांना मैदानावरचा लाल-पिवळा सदरा हीच काय ती आपली म्हणता येईल अशी गोष्ट होती. त्यांना संघाचा पराभव नवा नव्हता. पराभवानंतर पुन्हा उभे राहणे, हे तर त्यांचे रोजचेच जगणे होते. म्हणून ईस्ट बंगाल मागे पडला असता ते मैदान सोडून गेले नाहीत. मागे पडलेला सावरू शकतो, हा त्यांचा केवळ क्रीडाविषयक विश्वास नव्हता.

येथवरची कथा कोलकात्यात सर्वांच्या तोंडी आहे आणि ती खरी आहे. परंतु आमच्या मते तिची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. ईस्ट बंगालच्या वैभवाचे जे दोन मोठे कालखंड, त्यांपैकी एकही धडपडून सावरण्याचा नव्हता; दोन्ही आगाऊ तयारीचे होते.

पहिला कालखंड १९४९ ते १९५३ चा. अप्पाराव, धनराज, सालेह, वेंकटेश आणि अहमद खान या पाच आघाडीच्या खेळाडूंना कोलकात्याने ‘पंचपांडव’ म्हटले. पाचही दक्षिणेतले; एकही बंगाली नव्हे. क्लबचे चिटणीस ज्योतिषचंद्र गुहा यांनी पारखी नजरेने दूरदूरचे खेळाडू हेरले व आणले. ही फळी एका रात्रीत जुळली नव्हती. तिची जमवाजमव काही वर्षे चालू होती. १९४९ साली संघाने कलकत्ता लीग आणि आय.एफ.ए. शील्ड जिंकून शिवाय मुंबईचा रोव्हर्स चषकही प्रथमच पटकावला. घराबाहेर पडलेल्यांच्या संघाला कीर्ती मिळवून दिली तीही घराबाहेर पडलेल्या दाक्षिणात्यांनी, ही गोष्ट आपण मराठी मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे.

दुसरा कालखंड १९७० ते १९७५ चा. या सहा वर्षांत लीगचे अजिंक्यपद ओळीने सहा वेळा ईस्ट बंगालकडे आले. १९७२ पासून प्रशिक्षक होते प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे सर्वांचे पी. के. दि. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा ५-० असा पराभव झाला, तो आकडा आजही या शहरात एकाच्या ओठी हसू आणतो व दुसऱ्याच्या कपाळी आठी. या वर्षांत संघाला हंगामाच्या मध्यावर जागे व्हावे लागत नसे, कारण तो प्रारंभीच जागा असे.

सावरण्याचे खरे उदाहरण पाहावयाचे तर ते २००३ सालच्या जकार्ता येथील आसियान क्लब स्पर्धेचे. सुभाष भौमिक यांच्या मार्गदर्शनाखाली गेलेला संघ पहिल्याच सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासाना या बलाढ्य क्लबकडून ०-१ असा हरला. दुसऱ्या सामन्यात फिलिपाइन आर्मीवर ६-० असा विजय मिळाला. सहाही गोल बायच्युंग भूतियाचे. मग उपांत्यपूर्व फेरी, मग पेनल्टीवर सुटलेला उपांत्य सामना, आणि २६ जुलै रोजी अंतिम सामन्यात पुन्हा तोच तेरो सासाना समोर. या वेळी निकाल लागला ३-१, ईस्ट बंगालच्या बाजूने. माइक ओकोरो, बायच्युंग आणि आपल्या गोव्याचा अल्विटो डिकुन्हा यांनी गोल केले. हे यश सावरण्याचे खरे, पण येथे उशीर झाला होता तो अवघ्या एका सामन्याचा. आणि ज्याने पाडले त्याच्यापाशीच हिशेब चुकता करण्याची संधी स्पर्धेच्या रचनेनेच दिली होती. दीर्घ साखळी स्पर्धेचे गणित इतके उदार नसते.

ते गणित ईस्ट बंगालला कळले इंडियन सुपर लीगमध्ये. २०२०-२१ च्या हंगामात संघ या स्पर्धेत दाखल झाला. करोनामुळे सारे सामने गोव्यात, रिकाम्या प्रेक्षागारांपुढे झाले. पहिल्या तिन्ही सामन्यांत पराभव आणि एकही गोल नाही. पहिला गोल झाला पाचव्या सामन्यात, आणि पहिला विजय मिळाला आठव्या सामन्यात, ३ जानेवारी २०२१ रोजी ओडिशाविरुद्ध. पुढील हंगामात तर पहिल्या विजयासाठी बारावा सामना उजाडावा लागला. १९ जानेवारी २०२२ रोजी नाओरेम महेश सिंगच्या दोन गोलांच्या बळावर गोव्याचा संघ २-१ असा हरला, तेव्हा अर्ध्याहून अधिक हंगाम संपून गेला होता. त्या वर्षी संघ अकरांमध्ये अकरावा आला.

असे का व्हावे? नशिबास बोल लावणे सोपे. पण कारणे बरीच ऐहिक होती. २०२० साली संघाचा स्पर्धेतील प्रवेश जाहीर झाला तो सप्टेंबरच्या अखेरीस, आणि स्पर्धा सुरू झाली नोव्हेंबरात. प्रशिक्षक ऑक्टोबरात नेमला गेला. परस्परांची नावे पाठ होण्यापूर्वीच खेळाडूंना मैदानात उतरावे लागले. पुढल्या वर्षी क्लब आणि भांडवल पुरवणारी मंडळी यांच्यातील वाद ऑगस्टच्या शेवटापर्यंत चालला. त्याच्या पुढच्या वर्षी भांडवलदार बदलले आणि करारावर सह्या झाल्या ऑगस्टमध्ये. संघबांधणी ही उन्हाळ्यात करावयाची गोष्ट. चांगले खेळाडू तोवर अन्यत्र बांधले गेलेले असतात. ज्याची मशागत आषाढात सुरू होते त्याची पेरणी मृगात व्हावी कशी?

२०२४-२५ च्या हंगामाची गोष्ट मात्र वेगळी, आणि म्हणून अधिक बोधप्रद आहे. २८ जानेवारी २०२४ रोजी भुवनेश्वर येथे ओडिशाला ज्यादा वेळेत ३-२ असे हरवून संघाने सुपर कप जिंकला होता. बारा वर्षांनंतर राष्ट्रीय पातळीवरील करंडक क्लबच्या कपाटात आला होता. प्रशिक्षक कार्लेस क्वाद्रात तेच होते, खेळाडूंची निवड वेळेवर झाली होती. या खेपेस मशाल वेळेवर पेटणार असे सर्वांस वाटले. प्रत्यक्षात बंगळूर, केरळ, गोवा, जमशेदपूर, मोहन बागान आणि ओडिशा असे ओळीने सहा पराभव झाले. तिसऱ्या पराभवानंतर क्वाद्रात यांनी पद सोडले आणि ऑक्टोबरात ऑस्कर ब्रुझोन आले. सहा सामन्यांत संघाने चार गोल केले व बारा स्वीकारले. त्या सहांपैकी चार पराभव केवळ एकेका गोलने झाले होते. पण गुणतक्त्यात हळहळीचे गुण मिळत नाहीत. सहा सामने, शून्य गुण.

मग संघ सरहद्द ओलांडून भूतानला गेला. एएफसी चॅलेंज लीगचे गटसामने थिंफू येथे होते, समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंचीवर. पारोशी २-२ अशी बरोबरी झाली, बांगलादेशच्या बसुंधरा किंग्जवर ४-० असा विजय मिळाला आणि १ नोव्हेंबर रोजी लेबनॉनच्या नेजमेह संघास ३-२ असे हरवून ईस्ट बंगाल उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. घरच्या मैदानावरील टोमणे, वर्तमानपत्रांतील मथळे आणि गुणतक्त्यातील तळाची जागा यांपासून आठवडाभर दूर राहिल्याने हे घडले असावे, असा आमचा कयास आहे. कधी कधी माणसाला आपले बळ परगावीच आठवते.

परतल्यावर ९ नोव्हेंबर रोजी मोहमेडन स्पोर्टिंगशी सामना झाला. अर्धा तास होतो न होतो तोच नंदकुमार शेखर आणि महेश सिंग या दोघांना एका मिनिटाच्या अंतराने लाल कार्ड मिळाले. उरलेला सुमारे तासभर नऊ जणांनी अकरांना थोपवून धरले आणि सामना ०-० असा सुटला. लीगमधील हंगामाचा पहिला गुण असा मिळाला. आमच्या मते संघ सावरला तो याच संध्याकाळी, पहिल्या विजयाच्या दिवशी नव्हे. गोल करण्याची कला सापडण्याआधी गोल न होऊ देण्याची जिद्द सापडावी लागते, आणि ती त्या नऊ जणांना सापडली. २९ नोव्हेंबर रोजी नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध दिमित्रिओस दियामांताकोसच्या गोलने पहिला विजय आला. पुढे चेन्नईत जाऊन विजय, ओडिशाकडून हार, १७ डिसेंबर रोजी पंजाबविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून ४-२ असा विजय, आणि मग जमशेदपूरवर मात.

आता हिशेब मांडू. पहिल्या सहा सामन्यांत शून्य गुण. पुढल्या सहा सामन्यांत शक्य अठरांपैकी तेरा. आधीच्या सहांत बारा गोल स्वीकारलेल्या संघाने नंतरच्या सहांत चारच स्वीकारले. कोणत्याही मोजमापाने हे सावरणे उत्तम होते. आणि तरीही हंगामाच्या शेवटी, चोवीस सामन्यांत आठ विजय व चार बरोबऱ्यांसह, संघाचे गुण झाले २८ आणि स्थान आले नववे. पुढील फेरीत जाणारा सहावा संघ होता मुंबई सिटी, ३६ गुणांचा. ईस्ट बंगालने २८ गुण मिळवले ते वस्तुतः अठरा सामन्यांत. त्याच गतीने चोवीस सामने खेळले असते तर सुमारे ३७ गुण झाले असते. म्हणजे हा संघ पहिल्या सहांत बसण्याच्या योग्यतेचा होता. फक्त त्या योग्यतेचा तो १४ सप्टेंबरला नव्हता, ९ नोव्हेंबरला झाला.

उशिराने आणखी एक गोष्ट हिरावून नेली : चुकण्याची मुभा. प्रत्येक संघास हंगामात एखादा वाईट पंधरवडा येतोच. माडिह तलाल हा कल्पक खेळाडू डिसेंबरात गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. जानेवारीत मुंबई, मोहन बागान आणि गोवा यांच्याकडून ओळीने तीन पराभव झाले. वेळेवर निघालेल्या संघास हे सोसले असते. ज्याची गंगाजळी सप्टेंबर-ऑक्टोबरातच आटली होती त्याला ते सोसणे शक्य नव्हते. फेब्रुवारीत पुन्हा ओळीने तीन विजय मिळाले, चाहत्यांनी पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन गणिते मांडली. मार्चमध्ये ती मिटवावी लागली. चॅलेंज लीगमधील वाटचालही त्याच महिन्यात तुर्कमेनिस्तानच्या आर्कादागपुढे संपली.

सावरण्याचा प्रयत्न सर्वत्र इतकाच निष्फळ ठरतो असे मात्र नव्हे. याच शहरातील मोहन बागान २०१९-२० च्या आय-लीगमध्ये पहिला सामना बरोबरीत सोडवून दुसऱ्यात चर्चिल ब्रदर्सकडून ४-२ असा हरला होता; पण तेथेच दुरुस्ती झाली, पुढे तो एकही सामना हरला नाही आणि १० मार्च २०२० रोजी अजिंक्य ठरला. त्याच हंगामात सुपर लीगमध्ये चेन्नईयिनला पहिल्या चार सामन्यांत एकही गोल करता आला नव्हता. सहा सामन्यांत पाच गुण झाल्यावर प्रशिक्षक बदलला, ओवेन कॉइल आले आणि उरलेल्या बारा सामन्यांत संघाने चोवीस गुण मिळवले. तेथून थेट अंतिम सामना. फातोर्ड्याच्या निर्मनुष्य मैदानावर एटीकेकडून १-३ अशी हार. एक संघ दोन सामन्यांत सावध झाला आणि त्याला करंडक मिळाला. दुसरा सहा सामन्यांनी सावध झाला आणि करंडकाच्या दारातून परतला. तिसरा पंचवीस सामन्यांच्या आतबाहेरच्या हंगामात सहा सामने पूर्ण गमावून सावध झाला आणि त्याला दारही दिसले नाही. तीन उदाहरणांवरून नियम बांधू नये, हे आम्ही जाणतो. पण त्यांची दिशा स्पष्ट आहे.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, सावरण्याची परंपरा ही जितकी अभिमानाची तितकीच धोक्याचीही असते. ‘आम्ही नेहमीच मागून येतो’ हे वाक्य संकटात धीर देते. पण तेच वाक्य मे-जून महिन्यात उच्चारले गेले तर ते आळसाचे पांघरूण होते. १९२८ ची घसरण किंवा १९४७ ची वाताहत ही त्या माणसांनी ओढवून घेतलेली नव्हती. त्यातून उठण्याचे मोल म्हणूनच थोर. करार वेळेवर न करणे, प्रशिक्षक उशिरा नेमणे हे मात्र पूर्णतः आपल्या हातचे आहे. जे टाळता येत नव्हते त्यातून उठण्याचा वारसा, जे टाळता येते ते न टाळण्यासाठी वापरला जाऊ नये.

आणि चाहत्यांचे काय? त्या सहा पराभवांनंतरही ते सॉल्ट लेकच्या प्रेक्षागारात आले. आमच्यातीलही काहीजण मुलांचा हात धरून गेले. त्यांची निष्ठा भोळी आहे असे आम्हांस वाटत नाही. बी करपल्यावर शेत न सोडणारा शेतकरी भोळा नसतो. त्याच्यामुळेच तर दुबार पेरणी होते. पण त्याच्या चिकाटीचे पांग फेडण्याचा एकच मार्ग आहे : पुढल्या वर्षी मृगात तिफण तयार असणे.

हे लिहिताना आम्हांस आमच्या मंडळाचीही आठवण होणे अपरिहार्य होते. या पन्नास वर्षांत गणेशोत्सवातील नाटकाची तालीम वेळेवर सुरू झाल्याचे जुन्या सभासदांस स्मरत नाही. दरवर्षी शेवटच्या आठवड्यात रात्र रात्र जागून नाटक उभे राहते, टाळ्या पडतात, आणि ‘आपले असेच असते’ म्हणून आपण समाधानाने घरी जातो. टाळ्या खऱ्या असतात, यात शंका नाही. परंतु तालीम महिनाभर आधी सुरू झाली असती तर ते नाटक कसे झाले असते, हे आपण अद्याप पाहिलेले नाही. एक्कावन्नाव्या वर्षी ते पाहावे, अशी आमची इच्छा आहे.